तिळाचा तुकडा दोन लॅबना वाटून देऊ नका

काढलेला तीळ किंवा गाठ बाटलीत घेऊन आलेले बरेच जण काउंटरवर विचारतात, "अर्धा तुकडा तुम्ही ठेवा, अर्धा दुसऱ्या लॅबला देतो. खात्री होईल, नाही का?" काळजीपोटीच विचारतात, पण आमचं उत्तर 'नको' असंच असतं. रक्ताचं तसं जमतं, कारण दोन्ही नळ्यांत रक्त एकच असतं. तिळाचे दोन अर्धे सारखे नसतात.

काढलेल्या तिळात मेलानोमा आहे का, हे आम्ही बघतो. मेलानोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. पुढचे उपचार मुख्यतः तो किती मिलिमीटर खोल उतरला आहे यावर ठरतात. रिपोर्टमध्ये 'ब्रेस्लो जाडी' म्हणून लिहितो ते हेच माप. डॉ. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ते १९७० साली मांडलं. गाठीचा सर्वांत खोल बिंदू एकाच जागी असतो. समजा एका अर्ध्यात जाडी ०.६ मि.मी. निघाली आणि दुसऱ्यात २.३. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर, पण सर्जनने कोणता धरायचा? १ मि.मी. पर्यंतच्या गाठीला भोवतालची १ सें.मी. कातडी काढतात, २ मि.मी. च्या पुढे २ सें.मी. शिवाय १ मि.मी. ओलांडली की जांघेतली किंवा काखेतली पहिली लसिकाग्रंथी (आजार पसरला तर आधी जिथे पोचतो ती लिम्फ नोड) तपासायचा सल्ला देतात. कापलेल्या तुकड्याची खरी कडही सापडत नाही, त्यामुळे गाठ पूर्ण निघाली का हे सांगता येत नाही. मग दुसऱ्या लॅबमधून ब्लॉक (तुकडा बसवलेली मेणाची वडी) मागवायचा, पुन्हा काप घ्यायचे, आणि तोवर पेशंट ताटकळत बसतो. म्हणून वाटलेला तुकडा आला की आम्ही आधी दुसरा अर्धा मागवून घेतो. काहींना राग येतो, पण हा नियम आम्ही मोडत नाही.

डाग मोठा असेल, तळपायावर किंवा नखाखाली असेल, तर डॉक्टर स्वतःच मोक्याचा एक भाग काढतात. ते योग्यच आहे. तो भागही अखंड द्या. मात्र चामखीळ समजून पार्लरमध्ये जाळलेल्या तिळाचं तपासायला काहीच उरत नाही.

बाटली रुंद तोंडाची हवी. त्यात फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रावण, १० टक्के, तुकड्याच्या किमान दहापट. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये तुकडा खराब होतो, कोरड्या गॉजमध्ये सुकतो. फ्रिजची गरज नाही. नाव झाकणावर नको, बाटलीवर लिहा, कारण झाकणं बदलतात. भरलेली बाटली आमच्याकडे आधी येऊन विनामूल्य नेता येते.

कोणता तीळ दाखवायचा? दोन बाजू सारख्या नसलेला, कड वेडीवाकडी, रंग एकाहून अधिक, ६ मि.मी. पेक्षा मोठा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बदलत जाणारा. सावळ्या कातडीच्या आपल्या लोकांत तळपाय, तळहात आणि नखं आधी बघा. काजूच्या हंगामात चिकाचे काळे डाग हातापायांवर पडतात, पण ते कातडीबरोबर काही आठवड्यांत निघून जातात. जो राहतो, पसरतो, तो दाखवा. कुरूप समजून ब्लेडने तासत बसू नका. फुटबॉल खेळताना नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम १ ते १.५ मि.मी. वाढतं, म्हणजे दोन महिन्यांत डागामागे स्वच्छ नखाची बारीक पट्टी दिसायला हवी. ती दिसली नाही, काळा पट्टा रुंदावला किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर थांबू नका. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणंही सुरुवातीला फुटबॉलची इजाच वाटलं होतं. १९७७ मध्ये मेलानोमाचं निदान झालं, १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोग विभाग आहे.

"रिपोर्टला इतके दिवस का?" तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरायला एक रात्र, मेणात बसवायला दुसरी, मग मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागणारे काप. शंका असली की एस-१०० किंवा मेलान-ए सारखी विशेष रंजकं लावतो, त्याला आणखी दिवस जातात. घाई केली तर मापच चुकेल.

दुसरं मत जरूर घ्या. त्यासाठी तुकडा कापावा लागत नाही, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक पुरतो. एका ब्लॉकमधून कितीतरी काप निघतात. आजार पसरला असेल तर बीआरएएफ या जनुकातल्या बदलाची तपासणीही त्यातूनच होते, आणि डाब्राफेनिब-ट्रामेटिनिब या गोळ्या लागू पडतील का हे त्यावर ठरतं. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही आमच्याकडे सही करून मिळतात. फक्त उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ब्लॉक ठेवू नका, मेण ६० अंशांच्या आसपास वितळतं.