कोरुसियाचं पिल्लू परदेशात द्यायचंय? मग फाइल जन्माच्या दिवशीच उघडा

कोरुसिया झेब्राटा, म्हणजे सॉलोमन बेटांवरची, शेपटीने फांदी धरून चढणारी सापसुरळी, 1992 पासून सायटीसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या जातींच्या यादीत आहे. त्यामुळे पिल्लू तुमच्याच टाकीत जन्मलेलं असलं तरी देशाबाहेर पाठवायला एक्स्पोर्ट परमिट लागतंच, विकत द्या नाहीतर फुकट.

अर्ज आपल्या देशाच्या सायटीस मॅनेजमेंट अथॉरिटीकडे करायचा. पात्रतेत सगळा खेळ सोर्स कोडचा, म्हणजे प्राणी कुठून आला ते सांगणाऱ्या परमिटवरच्या अक्षराचा. आई-बाप कायदेशीर मिळालेले, त्यांचं मीलन बंदिवासातच झालेलं आणि पुढची पिढीही तिथेच वाढवता येते हे दाखवता आलं तर 'सी' कोड, म्हणजे बंदिवासात पैदास झालेला. मादी जंगलातून गाभण आलेली असेल तर त्या पिल्लाला 'सी' मिळत नाही, उगाच तसं लिहू नका.

कागद म्हणजे आई-बापाच्या खरेदीची पावती, ते बाहेरून आले असतील तर त्यांच्या परमिटची कॉपी, ब्रीडिंग रजिस्टर, फोटो किंवा मायक्रोचिपचा नंबर, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हेतू. अर्ज आई-बापाच्या पावतीवरही अडकू शकतो, आणि ही सापसुरळी सहा-आठ महिने गाभण राहून बहुधा एकच पिल्लू देते, तेव्हा एका हरवलेल्या पावतीपायी अख्ख्या वर्षाची मेहनत अडकून पडते, जीव तुटतो अगदी. म्हणून रजिस्टरमध्ये तारीख त्याच दिवशी लिहा, फोटो काचेबाहेरूनच काढा, कारण आई तेव्हा हातावर धावून येते आणि चावते, आणि तिचं बरोबरच आहे!

आता घाईबद्दल. एक्स्पोर्ट परमिट जास्तीत जास्त सहा महिने चालतं. पिल्लू आईच्या पाठीवर बसतं, मोठ्यांची विष्ठा खातं, त्यातूनच पानं पचवणारे जंतू त्याच्या पोटात जातात. परमिट संपतंय म्हणून त्याला आईपासून लवकर तोडणं मला अजिबात पटत नाही. आधी त्याला कुटुंबात नीट वाढू द्या, स्वतः पानं खाऊन वजन धरलं की मगच अर्ज टाका.

समोरचा देश इम्पोर्ट परमिट मागतो का ते मात्र आधीच विचारून ठेवा, काही देश मागतात. व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट आणि आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांप्रमाणे खोकं हे शेवटच्या आठवड्याचं काम. निघताना कस्टमकडून परमिटवर प्रत्यक्ष किती नग गेले ते भरून शिक्का घ्या आणि ओरिजिनल पिल्लासोबतच पाठवा, स्वतःकडे कॉपी ठेवा.