हवेऐवजी स्लॅब गार केला तर

वैशाखात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. रात्री बाहेरची हवा निवलेली असते, पंखाही जोरात फिरत असतो, तरी तगमग थांबत नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब डोक्यावरून उष्णता सोडत असतो. उकाडा किंवा गारवा केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. भोवतालच्या भिंती आणि छत यांच्याशी आपल्या शरीराची प्रारणाने होणारी उष्णतेची देवाणघेवाणही तितकीच महत्त्वाची असते.

हेच तत्त्व उलट वापरून इन्फोसिसने हैदराबादजवळच्या आपल्या परिसरात २०११ साली एक कार्यालयीन इमारत कार्यान्वित केली. तिचे दोन अर्धे भाग जवळपास हुबेहूब सारखे आहेत. एकात नेहमीच्या पद्धतीचे, पण उत्तम कार्यक्षमतेचे वातानुकूलन आहे. दुसऱ्यात स्लॅबमध्येच नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरवले जाते. दोन पद्धतींची अशी शेजारी-शेजारी तुलना प्रत्यक्ष वापरातल्या इमारतीत क्वचितच करता येते, म्हणून मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. वातानुकूलनाची वीज दुसऱ्या भागात सुमारे ३४ टक्के कमी लागली आणि उभारणीचा खर्चही वाढला नाही.

एवढी बचत होते, कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. त्यामुळे मोठमोठ्या पंख्यांचे काम छोट्या पंपांवर भागते. शिवाय छताचे क्षेत्रफळ मोठे असल्याने पाणी फार थंडही करावे लागत नाही.

कर्मचाऱ्यांना विचारले, तेव्हा गार स्लॅबखाली बसणाऱ्यांपैकी ६३ टक्के तापमानाबाबत समाधानी होते. नेहमीच्या भागात हे प्रमाण ४५ टक्के होते. मला विजेच्या बचतीपेक्षाही हा आकडा बोलका वाटतो. इथे अंगावर थंड झोत येत नाही आणि हवा केवळ श्वासासाठी आणायची असल्याने ती पूर्णपणे ताजी देता येते.

मात्र पावसाळ्यात दमट हवा गार छताला लागली, तर दव जमते. म्हणून आत येणारी हवा आधी कोरडी करावी लागते. कोकणपट्टीत याची काळजी अधिकच घ्यावी लागेल. शिवाय स्लॅबची उष्णता शोषण्याची क्षमता मर्यादित असते. खिडक्यांवर छज्जे हवेत, काच बेताची हवी. सर्व बाजूंनी काचेने मढवलेल्या मनोऱ्यात एवढ्याने भागणार नाही. आणि नळ्या काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवाव्या लागत असल्याने वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि वातानुकूलन अभियंता यांना पहिल्या नकाशापासूनच एकत्र बसावे लागते.