सिकल सेल आजार आणि मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या

सिकल सेल आजारात मूत्रपिंडाच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या तुंबतात, तर बाहेरच्या भागात गरजेपेक्षा जास्त रक्त वाहते. मूळ दोष एकच: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याचे तंतू बनतात आणि तांबडी पेशी कडक, विळ्याच्या आकाराची होते.

आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात, यासाठी लागणारे सगळेच हजर असते. तिथे ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त आणि क्षारांची तीव्रता इतकी, की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाऊन हिमोग्लोबिन आणखी दाट होते. शिवाय व्हासा रेक्टा या बारीक, सरळ वाहिन्यांतला प्रवाह मुळातच संथ असतो. वाहिन्या वारंवार बंद पडून हळूहळू नाहीशा होतात. मग लघवी घट्ट करण्याची क्षमता जाते. प्रौढांत लघवीची तीव्रता साधारण ४०० ते ४५० मिलिऑस्मोलपलीकडे (मिलिऑस्मोल म्हणजे विरघळलेल्या पदार्थांच्या तीव्रतेचे माप) जात नाही. लहान मूल रात्री अंथरूण ओले करते ते बऱ्याचदा यामुळे. त्याला आळशी ठरवू नये. या वयात रक्त दिल्यास क्षमता काही काळ परतते, पुढे नाही. लघवी पातळ करण्याची क्षमता मात्र टिकते, कारण ते काम बाहेरच्या भागातले आखूड नेफ्रॉनही (लघवी तयार करणारे सूक्ष्म घटक) करतात.

रक्तपुरवठा तुटलेल्या पॅपिला, म्हणजे मेड्युलाची टोके, कुजल्या की लघवीतून रक्त जाते, बहुधा डाव्या मूत्रपिंडातून. डाव्या मूत्रपिंडाची शीर लांब असून महाधमनी आणि आतड्याची वरची धमनी यांच्यामध्ये दाबली जाते. फक्त वाहक असलेल्यांनाही (दोषाचे जनुक एकाच पालकाकडून आलेल्यांना) हा त्रास होऊ शकतो.

बाहेरच्या कॉर्टेक्समध्ये वाहिन्या रुंदावतात. गाळणीचे केशिकागुच्छ फुगतात, त्यांच्यावर ताण येतो, लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन उतरते आणि पुढे गुच्छांवर व्रण धरतो. इथे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम तपासण्यासाठी रक्तात मोजला जाणारा टाकाऊ पदार्थ, फसवते: नलिका ते जास्त बाहेर टाकतात, म्हणून मूत्रपिंड खराब होऊ लागले तरी आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. म्हणून वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन तपासावे. या रुग्णांचा रक्तदाब एरवी कमी असल्याने इतरांना चालेल असा दाबही त्यांच्यासाठी जास्त असू शकतो.

अल्ब्युमिन वाढल्यास एसीई इनहिबिटर किंवा एआरबी ही गाळणीवरचा ताण कमी करणारी रक्तदाबाची औषधे देतात आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. ही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडातला रक्तप्रवाह घटतो, त्यामुळे वेदनेच्या झटक्यात ती स्वतःहून घेणे धोक्याचे असते.