सुका कचरा आणि वायरलेस नेटवर्क : नागपूर

न कुजणारा कचरा म्हणजे पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या), बाटल्या, काच, पत्रा, थर्माकोल, चिप्सची चमकणारी पाकिटं. हा कुठे किती साठला ते डब्यातल्या सेन्सरने बिनतारी कळवायचं आणि त्यावरून गाडी कुठे पाठवायची ते ठरवायचं, अशी ही पद्धत. बोलताना लोक स्मार्ट डस्टबिन म्हणतात, पण डबा हा त्यातला छोटासा भाग आहे.

ही पद्धत सुक्या कचऱ्यालाच जास्त शोभते आणि याचं कारण अगदी घरगुती आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ओला कचरा एक दिवस जरी राहिला तरी गल्लीत उभं राहवत नाही, तो रोज उचलावाच लागतो, तिथे सेन्सर काय सांगणार? सुक्याला मात्र घाई नसते, तो चार दिवस थांबला तरी बिघडत नाही, म्हणून भरला तेव्हाच गाडी पाठवली की डिझेल वाचतं, फेऱ्या वाचतात. अट एकच, ओलं-सुकं घरातच वेगळं झालं पाहिजे, आणि घनकचरा नियमांत 2016 पासून ते बंधनकारकच आहे.

झाकणाला आतून अल्ट्रासोनिक सेन्सर बसवतात. तो आवाजाची लहर खाली सोडतो, ती कचऱ्यावर आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खाली किती जागा रिकामी आहे ते काढतो. आता यात आपल्या उन्हाचा प्रश्न येतो, कारण 20 अंशाला हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर जातो आणि 45 अंशाला साधारण 357, म्हणजे तापमानाचा हिशोब न धरलेला सेन्सर मीटरभर खोल रिकाम्या डब्यात चारेक सेंटिमीटर चुकतो आणि डबा आहे त्यापेक्षा जास्त भरलेला दाखवतो. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात ही चूक अजून वाढते. म्हणून सोबत तापमानाचा सेन्सर हवाच.

हा आकडा पाठवायला बहुतेक लोरा वापरतात, म्हणजे कमी विजेत दूरवर छोटे निरोप पाठवणारी रेडिओ पद्धत. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला आहे, निरोप काही बाइटचाच असतो त्यामुळे बॅटरी काही वर्षं चालते, आणि महाल-इतवारीसारख्या दाट वस्तीतही एक गेटवे (डब्यांचे निरोप गोळा करणारं यंत्र) किलोमीटरभराचा भाग सांभाळू शकतो. अँटेना मात्र बाहेर काढावी लागते, पत्र्याच्या आत सिग्नल दबतो.

पण डबा भरला एवढंच सेन्सरला कळतं, कशाने भरला ते नाही. थर्माकोलने भरलेल्या डब्यात वजन काहीच नसतं, म्हणून काही ठिकाणी खाली वजनाचा सेन्सरही लावतात. आणि नागपूरचा खरा शत्रू तर डब्यात येतच नाही, तो म्हणजे खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा खाल्ला की ती तळहाताएवढी पन्नी तिथेच पडते, पहिल्या पावसात नालीत जाते आणि पुढे नाग नदीत. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर देशभर बंदी आहे, तरी पानठेल्यावर पन्नी दिसतेच. तिथे नेटवर्क नाही, पन्नीच बंद व्हायला पाहिजे.

माझ्या मते या माहितीवर पहिला हक्क कचरा वेचणाऱ्या बायांचा आणि कबाडीवाल्यांचा आहे. बाटली, पत्रा, पुठ्ठा वेगळा काढून विकण्याचं काम मशीन येण्याच्या कितीतरी आधीपासून तेच करतात, तर कोणता डबा भरला याचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर का जाऊ नये? नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं आली होती, म्हणजे नजर माणसावर ठेवली गेली, खरंतर ती कचऱ्यावर ठेवायची होती.

गाडी गेली की आपण, मारबतीचा पुतळा नेताना म्हणतात तसं, "घेऊन जा गे मारबत" म्हणून मोकळे होतो, पण शहराचा कचरा जातो भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात. तिथे उन्हाळ्यात ढिगाला आगी लागतात, ओल्यातून मिथेन निघतो आणि सोबतचं प्लास्टिक पेटतं, धूर आजूबाजूच्या वस्त्यांत शिरतो. ढिगात खोलवर तापमानाचे बिनतारी सेन्सर खुपसले तर आतली धग ज्वाळा दिसायच्या आधी कळू शकते. डब्यांपेक्षा आधी तिथेच ते बसवावेत.

आणि हे सेन्सरही शेवटी न कुजणारेच, त्यांच्यात लिथियमची बॅटरी असते. म्हणून खरेदीच्या करारातच जुना सेन्सर कंपनीने परत न्यायची अट असावी, प्रत्येकावर नंबर टाकून किती लावले किती परत गेले याची नोंद झोन ऑफिसात ठेवावी.