कोळसा नुसता तापवला म्हणून ग्राफाईट होत नाही

दगडी कोळसा आणि ग्राफाईट दोन्ही काळे, दोन्हीत मुख्य माल कार्बनच, त्यामुळे कोळसा भरपूर तापला की त्याचा ग्राफाईट होतोच असं बऱ्याच जणांना वाटतं. पण काही कोळसे 3000 अंश सेल्सिअसला तापवले तरी ग्राफाईट होत नाहीत, आणि मला तर हा या विषयातला सगळ्यात भारी भाग वाटतो.

कोळशाच्या आत सहा कार्बनच्या रिंगा असतात. दोन-चार रिंगांचे छोटे तुकडे, कुठे ऑक्सिजनने तर कुठे कार्बन-हायड्रोजनच्या आखूड साखळीने एकमेकांना वाकडेतिकडे जोडलेले. लिग्नाईटमध्ये, म्हणजे कमी मुरलेल्या तपकिरी कोळशात, राख आणि पाणी सोडून कार्बन साधारण 65-70 टक्के, बाकी बराचसा ऑक्सिजन. जमिनीत खोल गाडला गेला, गरम झाला की आधी पाणी आणि कार्बन डायऑक्साईड निघून जातो, मग मिथेन, बाजूच्या शेपट्या तुटतात, रिंगा एकमेकींना जोडून पत्रे मोठे होतात, आणि अँथ्रासाईटपर्यंत, म्हणजे सगळ्यात मुरलेल्या कडक कोळशापर्यंत, पोचेतो कार्बन 90 टक्क्यांच्या वर गेलेला असतो.

तरीही तो ग्राफाईट नव्हे. ग्राफाईटमध्ये पत्रे लांबलचक, सपाट आणि एकावर एक नेमक्या जागी बसलेले, दोन पत्र्यांत अंतर 0.335 नॅनोमीटर. हे पत्रे एकमेकांना अगदी हलके धरून असतात म्हणून तर ग्राफाईट बोटाला गुळगुळीत लागतो. नीट न बसलेल्या कार्बनमध्ये हेच अंतर 0.344 च्या आसपास असतं. फरक एवढासाच दिसतो, पण तो भरून काढायला पत्रे सरकावे लागतात, फिरावे लागतात, आणि तिथेच सगळं अडतं.

निपाणीकडच्या लोकांना हे लगेच कळेल बघा, तंबाखूचं पान जरा दमट असताना एकावर एक छान बसतं, कडक वाळल्यावर सारखं करायला गेलं की चुरा. कोकिंग कोळसा, म्हणजे हवा न लागू देता भाजून ज्याचा घट्ट कोक करतात तो, साधारण 350 ते 500 अंशांच्या मधे मऊ होतो, पातळ होतो, तेवढ्या वेळात पत्रे समांतर लागतात आणि मग तो तसाच घट्ट होतो. लाकडाचा कोळसा मऊ होतच नाही, आतले आडवेतिडवे बंध त्याला जखडून ठेवतात, म्हणून पुढे कितीही तापवला तरी पत्रे नीट बसत नाहीत.

हा भेद रोझालिंड फ्रँकलिन यांनी 1951 च्या शोधनिबंधात एक्स-रेने दाखवला. डीएनएच्या फोटोमुळे आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी त्यांनी कोळशावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारखान्यात ग्राफाईट करायला 2500 ते 3000 अंश लागतात. निसर्गात त्याच्या कितीतरी कमी तापमानात काम होतं, कारण तिथे खडक घसटतात, त्या ओढाताणीत पत्रे जबरदस्तीने सरळ होतात, आणि वेळ लाखो वर्षांचा. मेक्सिकोच्या सोनोरात कोळशाचे जुने थर ग्राफाईट झालेत आणि तिथे त्याच्या खाणी आहेत.

अजून एक रस्ता आहे, आणि तो बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत रोज चालतो. लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत, क्युपोलात, कोकमधला कार्बन वितळलेल्या लोखंडात विरघळतो, म्हणजे जुने बंध तुटून एकेक अणू सुटा होतो, मग सरळ करायला जखडलेलं काही उरतच नाही. हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण 1150 अंशांना गोठताना, सिलिकॉन पुरेसं असेल तर, तोच कार्बन ग्राफाईटचे पापुद्रे होऊन बाहेर पडतो. कास्टिंग तोडलं की तडा या पापुद्र्यांवरून जातो म्हणून आतून करडं दिसतं. पातळ भाग घाईत थंड झाला तर कार्बन लोखंडाशीच संयुग करून बसतो, तिथे पांढरं आणि इतकं कडक निघतं की लेथवर टूलच लागत नाही.