गळकं माळवद आणि ‘बयलु’ : कानडी तत्त्वपदांमागची परंपरा

सोलापूर, विजापूर, धारवाड या पट्ट्यातली जुनी घरं माळवदाची. तुळयांवर मातीचा जाड थर घातलेला असतो आणि पावसाळ्याआधी तो नीट केला नाही तर घरात धार लागते. धारवाडकडच्या कानडीत या माळवदाला ‘माळिगी’ म्हणतात. ‘सोरुतिहुदु मनेय माळिगी, अज्ञानदिंद’ हे एकोणिसाव्या शतकातले कानडी संतकवी शिशुनाळ शरीफ यांचं पद तिथूनच उचललेलं आहे. घराचं माळवद गळतंय, अज्ञानापायी गळतंय. ते पक्कं करणारं कुणी नाही आणि या काळोखात मला वर चढवत नाही. घर म्हणजे देह, हे तिकडच्या श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. लक्षात घ्यायचं ते हे, की तक्रार घराबद्दल नाही, घराकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल आहे.

अशा पदांना ‘तत्त्वपद’ म्हणतात. एकतारी, टाळ आणि जमलेली चार माणसं एवढ्यावर ती रात्री-अपरात्री गायली जातात. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. वैराग्य आणि मौन हे त्यांचे मुख्य विषय; पण हे वैराग्य संसारी माणसाचं आहे आणि मौन शब्दांतून वाट काढत जाणारं. याचं मूळ शोधायला बाराव्या शतकात जावं लागतं.

कल्याण म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथे बिज्जळाच्या राज्यात बसवण्णा भांडारी होते. त्यांच्याभोवती विणकर, चांभार, नावाडी, गुराखी असे शरण, म्हणजे शिवभक्त, जमले आणि त्यांनी बोलीभाषेत वचनं, म्हणजे छोट्या गद्यकविता, रचली. ‘कायक’, म्हणजे हातातलं काम, हीच त्यांची साधना होती; त्यामुळे काम टाकून अरण्यात जाणं हा वैराग्याचा मार्ग उरलाच नाही. याच मेळ्यात अल्लमप्रभू होते. ‘मातेंबुदु ज्योतिर्लिंग’, बोल म्हणजे ज्योतिर्लिंग, असं म्हणणारे अल्लम आणि शून्याबद्दल सर्वांत जास्त बोलणारेही तेच. त्यांचा लाडका शब्द ‘बयलु’. रोजच्या कानडीत बयलु म्हणजे मोकळं रान, उघडी जागा. (सीमाभागातल्या वाचकाला ‘बयलाट’ माहीत असेल; उघड्यावर होणारा खेळ तो बयलाट.) बयलात बयल पेरलं, बयलच उगवलं आणि बयल होऊन बयलात गेलं, अशा अर्थाचं त्यांचं एक वचन आहे. शून्यता सांगायला त्यांनी शेतकऱ्याची पेरणी घेतली. हीच सवय पुढे सातशे वर्षं टिकली.

मधला काळ थोडक्यात सांगता येतो. पंधराव्या शतकात विजयनगरच्या छायेत वचनं गोळा झाली आणि अल्लमांच्या संवादांची गुंफण करणारं ‘शून्यसंपादने’ सिद्ध झालं. निजगुण शिवयोगींनी वेदान्त गेय पदांत आणला. त्यांच्या ‘विवेकचिंतामणी’चं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी भाषांतरही झालं. पुढे आजच्या कलबुर्गी (गुलबर्गा) जिल्ह्यात कडकोळ मडिवाळप्पा झाले. त्यांच्या शिष्यांत वेगवेगळ्या जातींचे लोक होते, चन्नूरचे जलालसाहेब होते. सुफींचा वावर या प्रदेशात जुना. गुलबर्ग्याला बंदेनवाजांचा दर्गा पंधराव्या शतकापासून आहे. मठ आणि दर्गा या दोन्हींच्या ओसरीवर तत्त्वपद वाढलं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

शरीफ (१८१९–१८८९) या वाटेवरचे. गाव शिशुनाळ, आजच्या हावेरी जिल्ह्यात. काही काळ शाळामास्तर होते, लग्न झालं, पत्नी लवकर गेली. गुरू कळसचे गोविंदभट्ट, जातीनं ब्राह्मण. गुरूनं मुसलमान शिष्याच्या गळ्यात जानवं घातलं ही कथा त्या भागात घरोघरी सांगतात आणि त्यावर शरीफांचं पदही आहे. ‘कोडगन कोळि नुंगित्ता’ या पदात कोंबडी माकडाला गिळते, पुढे एकेक वस्तू दुसरीला गिळत जाते आणि शेवटी गुरूचे पाय गाणाऱ्यालाच गिळतात. मुक्ताबाईंची सूर्य गिळणारी मुंगी ज्याला ठाऊक आहे त्याला हे परकं वाटणार नाही. कानडीत अशा कूट रचनेला ‘बेडगु’ म्हणतात आणि तिचे उस्ताद पुन्हा अल्लमच.

मला या परंपरेतलं अलिप्तपण सर्वांत स्पष्ट दिसतं ते नाममुद्रेत. आपल्याकडे ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. कानडी ‘अंकित’ बहुधा देवाचं असतं: बसवण्णांचा कूडलसंगमदेव, अल्लमांचा गुहेश्वर, अक्कमहादेवींचा चन्नमल्लिकार्जुन. कर्नाटकातल्या वैष्णव हरिदासांकडेही तेच, पुरंदरदासांच्या पदात शेवटी येतो तो पुरंदर विठ्ठल. शरीफ ‘शिशुनाळाधीश’ म्हणतात, म्हणजे शिशुनाळचा धनी. गाणारा बाजूला सरतो. (आपल्याकडे ‘एका जनार्दनी’ त्यातल्या त्यात जवळचं, तिथे निदान गुरू सोबत आहे.) ही पदं तोंडोतोंडी फिरली, त्यामुळे संग्राहकांना पद नेमकं कुणाचं हे ठरवताना पुरेसा त्रास झाला असणार.

मराठीशी याचा धागा इंचगेरी या गुरुपरंपरेचा. निंबर्गी महाराज कानडी, त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज उमदीचे, म्हणजे जत तालुक्यातले. त्यांच्या परंपरेत निंबाळचे गुरुदेव रानडे झाले आणि सिद्धरामेश्वर महाराजांकडून हीच वाट मुंबईत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांपर्यंत गेली. दुकान चालूच राहिलं. कायकाची आठवण यावी असंच ते आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गायक-संगीतकार सी. अश्वथ यांनी शरीफांच्या पदांना नव्या चाली दिल्या. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांचा शरीफांवरचा चित्रपट आला आणि पदं शहरात, कॅसेटवर पोहोचली. अश्वथांचा आवाज थोर, यात शंका नाही. पण वाद्यमेळात दोन ओळींमधली जागा भरली जाते. गावाकडे त्या जागेत नुसती एकतारी वाजत राहते, कुणी खाकरतं, कुणी वात वर करतं, आणि मग पुढची ओळ येते. शरीफांचंच एक पद आहे, ‘तरवल्ल तगि निन्न तंबूरि’: हे बरं नव्हे, काढ तुझी तंबोरी, सूर लागत नसेल तर उगाच वाजवू नकोस.