प्रभागाचा पैसा: बाकड्यावरच्या नावामागची दीडशे वर्षे

पुण्यात कुठल्याही बागेत, बसथांब्यामागे, सोसायटीच्या दाराशी लोखंडी बाकडे दिसते आणि बाकड्याच्या पाठीवर एक नाव दिसते. नावाखाली ठरलेली ओळ असते: ‘यांच्या संकल्पनेतून व विशेष प्रयत्नांतून’. बसणारा त्या नावाला पाठ टेकतो, आणि बाकड्याचे पैसे त्यानेच मिळकतकरातून भरलेले असतात. महापालिकेच्या मुख्य सभेत अंदाजपत्रकाच्या दिवसांत ‘आमच्या प्रभागाला काय?’ म्हणून जो आरडाओरडा होतो, महापौरांपुढचा मानदंड पळवण्यापर्यंत मजल जाते, त्या सगळ्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे. पैसा नागरिकांचा, मंजुरी सभागृहाची, सही आयुक्तांची. मग तो कुठे खर्च करायचा हे ठरवायचे कोणी? प्रश्न जुना आहे. मुंबईत तर लोकांनी निवडलेली नगरसभा मुळात याच भांडणातून जन्माला आली.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणवणाऱ्या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे गेला, पण खरी सत्ता एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती एकवटली. हे पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. त्यांनी रस्ते केले, गटारे केली, त्यांचे नाव पुढे कितीतरी वर्षे मिरवणारे मार्केट उभारले. पैसाही त्याच वेगाने उडवला. कापसाच्या तेजीचा फुगा तोवर फुटला होता, करांचा बोजा वाढला होता, आणि १८७१ मध्ये करदाते चवताळून उठले. क्रॉफर्डना हाकला, कमिशनरचे पदच मोडीत काढा, अशी मागणी होती. तेव्हा तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी एक निबंध वाचला आणि वेगळाच सूर लावला. कमिशनर कर्तबगार आहे, दोष त्याच्यावर अंकुश नसण्यात आहे; अधिकार त्याच्याकडेच राहू द्या, पण त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांना निवडू द्या. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. तरी पुढच्याच वर्षीच्या, १८७२ च्या कायद्यात ६४ जणांची कॉर्पोरेशन आली आणि त्यातले निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. कारभार करणारा एक अधिकारी आणि पैशावर नजर ठेवणारी सभा ही जोडी तेव्हाची. आजही आयुक्त आणि सभागृह यांच्यातली ओढाताण पाहिली की तिचा साचा १८७२ चाच वाटतो.

पुण्यात त्या सुमारास सारे सदस्य सरकारने नेमलेले होते आणि त्यांत १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. नगरपालिकेचे ३२ सदस्य होते. विरोधात मत पडले एकट्या फुल्यांचे. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. शहरासाठी मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याचा विषय निघाला तेव्हाही त्यांनी तोच मुद्दा धरला. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती गव्हर्नर रे यांच्या नावाने उघडली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. त्या नावाच्या इमारतीत रोज भाजी घेणाऱ्यांपैकी किती जणांना ही गंमत ठाऊक असेल कोण जाणे. पण नगरपालिकेत खर्चाच्या प्राधान्यक्रमावरून उभे राहून विरोध करण्याची पुण्यातली परंपरा शोधायची तर तिची सुरुवात इथे सापडते, आणि तो विरोध सभागृहातल्या एकट्या माणसाचा होता.

पुढे लोकनियुक्त सदस्य आले. टिळक सदस्य झाले, गोखले अध्यक्ष झाले, पण आजच्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १९४९ चा. त्या वर्षीच्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याखाली १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महापालिका स्थापन झाली, आणि पैशाची वाट तीन पायऱ्यांनी बांधली गेली. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून १६ सदस्यांच्या स्थायी समितीला देतात. स्थायी समिती त्यात फेरफार करते. मग ते मुख्य सभेपुढे येते आणि तिथे मंजूर होते. करांचे दर मात्र २० फेब्रुवारीपूर्वी ठरवावे लागतात. म्हणजे किती घ्यायचे ते आधी ठरते, कशावर घालायचे ते नंतर.

कागदावर ही व्यवस्था नेटकी आहे. खरा खेळ दुसऱ्या पायरीवर चालतो. आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायीकडे गेले की फुगते. पुण्यात २०२१-२२ साठी आयुक्तांनी ७,६५० कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडले होते. स्थायी समितीतून बाहेर पडताना ते ८,३७० कोटींचे झाले होते. मधले ७२० कोटी कुठून आले? उत्पन्नाचे आकडे वाढवून. हे त्या एका वर्षापुरतेही नव्हते. उत्पन्न वाढेल असे धरायचे आणि त्या धरलेल्या पैशावर कामे लिहायची, ही रीतच होती. वर्षअखेरीला तूट आली की ती प्रशासनाने निस्तरायची.

ही कामे लिहिली जातात त्या जागेला पुण्यात ‘स’ यादी म्हणतात. नगरसेवकांनी आपापल्या प्रभागासाठी सुचवलेली कामे आणि त्यांची तरतूद अंदाजपत्रकात या यादीत येते. पत्रकारांच्या भाषेत ‘माननीयांचा निधी’. रस्त्याचे काँक्रिटीकरण, ड्रेनेजची लाइन, समाजमंदिर, पेव्हर ब्लॉक, विरंगुळा केंद्र. यातले काहीच वाईट नाही. चाळीस वर्षे गटार नसलेल्या गल्लीत गटार आले तर तिथल्या माणसाला ते ‘स’ यादीतून आले की आयुक्तांच्या यादीतून, याच्याशी देणेघेणे नसते. अडचण अशी की मोठ्या, दोन-चार प्रभागांतून जाणाऱ्या कामाला, नाल्याला किंवा पाणीपुरवठ्याच्या वाहिनीला, असा कोणी एक माननीय मायबाप नसतो. त्यामुळे वर्ष सरत आले की ‘वर्गीकरण’ सुरू होते: न वापरलेली तरतूद त्या कामावरून उचलून दुसऱ्या कामावर टाकायची. ऐनवेळी प्रस्ताव येतात, चर्चेशिवाय मंजूर होतात आणि नाल्याचे पैसे पेव्हर ब्लॉक होऊन जमिनीवर उतरतात. कधी बाकडी होतात, कधी कापडी पिशव्या, कधी कचऱ्याच्या बादल्या. या खरेदीवर पुण्यात इतकी टीका झाली की ती वाटावाटीचा समानार्थी शब्द बनली.

यावर उतारा म्हणून २००६ मध्ये पुण्याने एक नवा प्रयोग केला. तेव्हाचे आयुक्त नितीन करीर आणि ‘जनवाणी’, ‘सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन’ यांसारख्या संस्था यांच्या प्रयत्नातून ‘नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक’ सुरू झाले. कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची. तिथे १९८९ पासून वस्त्यांच्या सभा भरवून पालिकेच्या पैशाचा काही भाग लोकांकडूनच ठरवून घेतला जात होता. आपल्याकडे सभेऐवजी अर्ज आला. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा: अमुक चौकात पदपथ, तमुक गल्लीत दिवे, बसथांब्याला छप्पर. अभियंत्याने खर्च काढायचा, प्रभाग समितीने निवड करायची, निवडलेली कामे अंदाजपत्रकात जायची. एका कामाला अलीकडे पाच लाखांची मर्यादा आहे.

पोर्तो अलेग्रेत माणसे एका खोलीत बसून एकमेकांच्या वस्तीची गरज ऐकत होती. पदपथ मोठा की शेजारच्या वस्तीतला नळ मोठा, यावर वाद घालत होती. आपल्याकडे प्रत्येकाने आपापल्या दारापुढचे लिहिले आणि पेटीत टाकले. हे सहभागापेक्षा तक्रारवहीच्या जवळचे आहे. शिवाय निवड करणारी प्रभाग समिती म्हणजे पुन्हा नगरसेवकच, तेव्हा नागरिकांच्या यादीत माननीयांची कामे घुसण्याची वाट मोकळी राहिली. आणि अर्ज भरणारे कोण? ज्यांना फॉर्म कधी निघतो हे ठाऊक असते ते. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्या मानाने येणारे अर्ज मूठभर. तरीही ही प्रथा टिकली आहे, हे नोंदवले पाहिजे. मला तिचे मोल कामांपेक्षा एका सवयीत दिसते. अर्जाचे पुढे काय झाले, हे विचारायला लोक दुसऱ्या वर्षी क्षेत्रीय कार्यालयात जाऊ लागले.

सभेची सोय कायद्यात नव्हती असे नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २००५ च्या अखेरीस केंद्राची ‘जेएनएनयूआरएम’ ही शहरांच्या नूतनीकरणाची योजना आली आणि निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट तिने घातली. महाराष्ट्राने २००९ मध्ये तो केला. त्यानुसार प्रत्येक प्रभागाचे छोटे भाग पाडून मतदारांची ‘क्षेत्रसभा’ भरवायची होती, अगदी ग्रामसभेसारखी. केंद्राचा पैसा आला. उड्डाणपूल झाले, बीआरटीचे, म्हणजे बससाठी राखीव, मार्ग झाले. क्षेत्रसभा भरल्या नाहीत. गावात ग्रामसभेला हक्काने उभे राहून सरपंचाला विचारणारा माणूस शहरात आला की त्याला अर्ज आणि मोबाइल अॅप मिळते.

याच काळात प्रभागाचा आकार बदलत राहिला. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एका सदस्याचा वॉर्ड, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. दर निवडणुकीला राज्यात ज्यांची सत्ता असेल त्यांच्या सोयीने गणित बदलले. चार जणांच्या प्रभागात ड्रेनेज तुंबले तर कोणाचे दार ठोठवायचे? चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि बाकड्यावर मात्र चौघांची नावे येतात.

हद्दीचे दुखणे वेगळेच. १९९७ मध्ये ३८ गावे पालिकेत आली. कराविरुद्ध इतकी ओरड झाली की २००१ मध्ये त्यातली काही वगळावी लागली. २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. या गावांत कराची बिले आधी पोचली, पाण्याची लाइन नंतर. काही ठिकाणी अजून टँकरच आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी, ज्यांनी वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसला, ती २०२४ मध्ये पालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र नगरपरिषद झाली.

मिळकतकराचेही तसेच. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ती मुख्य सभेच्या ठरावातून आली होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर राज्य सरकारने २०१९ मध्ये ती काढून घेतली. फरकाची बिले घरोघर गेली तेव्हा शहर खवळले, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच ती परत दिली. सोबत सवलत मिळवण्यासाठीचा ‘पीटी-३’ नावाचा एक फॉर्म आणि तो भरण्यासाठी धावपळ. सवलत परत मिळाली तेव्हा पुण्याच्या सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

कारण मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयीन वाद यांत ती अडकली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कोल्हापूर अशी शहरे तर २०२० पासूनच प्रशासकाकडे होती. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, स्थायी समिती म्हणून तपासायचा, मुख्य सभा म्हणून मंजूर करायचा. क्रॉफर्डनाही हेवा वाटावा अशी ही सोय. पुण्याचे अंदाजपत्रक या काळात ८,५९२ कोटींवरून २०२५-२६ साठी १२,६१८ कोटींवर गेले, आणि त्यावर सभागृहात एक मिनिटही वाद झाला नाही. ‘स’ यादीला नावे ठेवणाऱ्या आम्हा मंडळींना एक गोष्ट तेव्हाच उमगली: रात्री अकराला फोन केला तर उचलणारा, शिव्या खाणारा आणि सकाळी तुंबलेले ड्रेनेज मोकळे करायला जेटिंग मशिन पाठवणारा माणूस त्या यादीबरोबर गेला होता. गल्लीतल्या कामाची मागणी आमदारांकडे सरकली, आणि कोणत्या पक्षाच्या आमदाराला निधी मिळतो यावरून मुंबईत नवे वाद पेटले.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, नंतर ३१ जानेवारी २०२६ ची अखेरची मुदत घातली. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. पुन्हा चारचा प्रभाग, एक तर पाचचा. सभागृहात प्रभागनिधीची मागणी पुन्हा आली की ती किती कोटींची यावर बातम्या होतील. २००९ च्या कायद्यातले क्षेत्रसभेचे कलम अजून तिथेच आहे. ते वापरायला नवा ठरावही लागत नाही, फक्त प्रभागातली एखादी शाळा एका रविवारी सकाळी उघडून द्यावी लागेल.